फॉर्म नंबर एक

आलोशियस मिनेज सरांची आणि माझी पहिली भेट १९९४ सालच्या एका रविवारी सकाळी आठ वाजता सुरू झाली. ती संपली कधी, याबद्दल आमच्या घरात अजून एकमत नाही. माझ्या मते दुपारी दोनला. सरोजिनीच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या मते मंगळवारी.

आम्ही वसईत नवे होतो. फ्लॅटच्या भिंतींना रंगाचा वास होता आणि नळाला वास घेण्यापुरतंही पाणी नव्हतं. बेल वाजली तेव्हा मी दाढीला साबण लावून बसलो होतो. दार उघडलं तर समोर पन्नाशीकडे झुकलेले, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले एक ठेंगणे गृहस्थ. एका काखेत छत्री आणि दुसऱ्या काखेत कागदांचा असा गठ्ठा, की मला वाटलं बिल्डरने आमच्यावर खटला भरला.

"नमस्कार. मी आलोशियस मिनेज, राहणार सांडोर. हायस्कुलात भूगोल शिकवतो. आपली फक्त पाच मिनिटं हवीत."

त्या पाच मिनिटांत माझ्या गालावरचा साबण वाळला, भेगाळला आणि खपल्या होऊन चहात पडला. त्यांची प्रश्नावली अडतीस पानांची होती. तुमचं शिक्षण किती? वडिलांचं किती? आजोबांचं किती? नसल्यास, आजोबांना शिकावंसं वाटत होतं का? घरी रोज किती बादल्या पाणी लागतं? टँकर किती दिवसांनी येतो? टँकरवाला कितवी शिकला आहे? मुलं घरात पाढे मोठ्याने म्हणतात की मनात? आमची स्वप्ना तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्यासाठी चार पानांची वेगळी पुरवणी निघाली. मध्येच दूधवाला आला, त्यालाही सरांनी खुर्चीवर बसवलं. त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमधल्या अकरा घरांनी बिनदुधाचा चहा घेतला आणि त्याबद्दल पुढे वर्षभर माझ्याकडे बघून तोंडं फिरवली.

अडतीस पानांत एकच प्रश्न मला सोपा गेला. "घरात माणसं किती?"

"चार," मी म्हणालो. सरांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. या उत्तराकडे आपल्याला पुढे परत यायचं आहे.

सर पीएचडी करत होते. विषय होता 'वसई परिसराचा स्थानिक विकास आणि त्यातील शिक्षणाची भूमिका : एक बहुशाखीय अभ्यास'. हे नाव ते एका दमात म्हणत आणि मग घोटभर पाणी पीत. त्यातल्या 'बहुशाखीय'ने त्यांची चार वर्षं खाल्ली होती. अर्थशास्त्र विभागाने सांगितलं, यात शाळा फार आहेत, शिक्षणशास्त्राकडे जा. शिक्षणशास्त्राने सांगितलं, यात विहिरी फार आहेत, भूगोलाकडे जा. भूगोलवाले म्हणाले, विहिरी ठीक आहेत, पण यात माणसं फार आहेत, समाजशास्त्राकडे जा. समाजशास्त्राचे प्रमुख रजेवर होते. ते रजेवरून आले ते थेट निवृत्तच झाले. शेवटी शिक्षणशास्त्रातल्या एक बाई मार्गदर्शक म्हणून मिळाल्या आणि भूगोलातले एक प्राध्यापक सहमार्गदर्शक. या दोघांचं एका कपाटाच्या किल्लीवरून बिनसलेलं होतं आणि सात वर्षं बोलणं बंद होतं. त्यामुळे सर प्रत्येक प्रकरण दोनदा लिहीत. बाईंच्या प्रतीत विहिरी कमी असत, प्राध्यापकांच्या प्रतीत शाळा.

पण त्यांचं मूळ म्हणणं अगदी साधं होतं. ते त्यांनी मला साबणाच्या खपल्या पडत असतानाच सांगितलं होतं.

"लोक म्हणतात, पोरं शिकली की गाव सोडतात. साफ चूक, जयवंतराव. अर्धवट शिकलेली सोडतात. नीट शिकलेला परत येतो, कारण आपल्या गावात काय आहे ते त्याला दिसायला लागतं. आमच्याकडे बावखल असतं, पाहिलंय का तुम्ही?"

मी पाहिलं नव्हतं. बावखल म्हणजे वसईच्या वाडीतलं गोड्या पाण्याचं खोलगट तळं. विहिरीपेक्षा ऐसपैस, तलावापेक्षा घरगुती. केळी, पानवेली, भाजी, सगळं त्यावर जगतं.

"बावखलाला काठ, तशी गावाला शाळा. काठ शाबूत तर पाणी शाबूत. मी हे आकड्यांनी सिद्ध करणार. सहाशे अकरा घरं."

या सहाशे अकरांत फॉर्म नंबर एक त्यांच्या स्वतःच्या घराचा होता. आणि सगळी गोम त्यात होती. त्यांचा मुलगा केनी तेव्हा दापोलीला शेतकीच्या शेवटच्या वर्षाला होता. पदवी घेऊन तो सांडोरला येणार आणि घरची एकरभर वाडी करणार, असं ठरलं होतं. म्हणजे सरांनी ठरवलं होतं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण केनीवरच लिहायचं होतं. नाव न घेता, 'एक पदवीधर बागायतदार' असं म्हणून. मथळा तयार होता. फक्त बागायतदार यायचा बाकी होता.

तो आलाही. पंच्याण्णव साली आला, वर्षभर वाडी केली. त्या वर्षी सरांच्या घरी मी पहिल्यांदा सुकेळी खाल्ली. राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, रोज हाताने उलटायची आणि आठवडाभराने वाळक्या पानात बांधून ठेवायची. उर्सुलाबाई, म्हणजे सरांची पत्नी, अंगणात मचाणावर केळी उलटत बसलेल्या असायच्या. नताशा ही धाकटी मुलगी कावळे हाकत अभ्यास करायची आणि सर व्हरांड्यात बसून कुटुंबाकडे एखाद्या तक्त्याकडे पाहावं तसं समाधानाने पाहायचे.

"तुमचा प्रबंध कधी होणार, सर?" मी विचारायचो.

"त्यांना काय विचारता, भाऊ," उर्सुलाबाई मचाणावरून म्हणायच्या. "या घरात केळी पिकतात, प्रबंध पिकत नाही. कच्चाच काढून अढीत घाला म्हणावं."

शहाण्णव साली केनी दोहाला गेला. दोन वर्षांसाठी. एका मोठ्या सुपरमार्केटच्या शीतगृहात शेतकी पदवीधर हवा होता. काम काय, तर जहाजातून आलेली फिलिपिन्सची केळी तपासायची. डाग किती, बाक किती, देठ किती हिरवा. सांडोरच्या वाडीत चार पिढ्या केळी लावलेल्या घरातला मुलगा वाळवंटात बसून परक्या केळ्यांचा बाक मोजत होता आणि त्याचे वडील मला अभिमानाने सांगत होते, "बघा, शिक्षण शेतीशी संबंधितच वापरतोय. दोन वर्षांत येईल, आधुनिक साठवणूक शिकून." त्यांनी 'साठवणूक' असं नवं उपप्रकरणही काढलं.

नव्याण्णवच्या दिवाळीनंतर आम्ही आकडेमोडीला बसलो. जागा, आमच्या घरचं जेवणाचं टेबल. महिनाभर आम्ही जमिनीवर जेवलो. सर फॉर्म वाचत, मी चौकटीच्या कागदावर रेघा मारत असे आणि सरोजिनी बेरजा तपासत असे. माझ्या बेरजांवर तिचा लग्नापासूनच विश्वास नाही. शेवटच्या रविवारी निकाल हातात आला. ज्या घरात पदवीधर मुलं होती, त्या घरांतली माणसं पंधरा वर्षांत कमी झालीच नव्हती. उलट एखाद-दुसरा टक्का वाढली होती!

सर उठून उभे राहिले. मग बसले. मग पुन्हा उठले आणि पिशवीतून सुकेळीची बांधलेली पुडी काढून त्यांनी सरोजिनीच्या हातात ठेवली.

"वहिनी, काठ शाबूत आहे," ते म्हणाले.

बाईंना निकाल फार आवडला. सहमार्गदर्शकांनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "आकडे फार गोड दिसतायत, मिनेज. तीस घरं पुन्हा जाऊन बघा."

सर निर्धास्त होते. मला म्हणाले, "चला तुम्हीही. रविवारचं फिरणं होईल."

पहिलं घर मटिल्डाआंटीचं. फॉर्म नंबर चौदा. माणसं सात. आम्ही गेलो तेव्हा सत्तरीच्या मटिल्डाआंटी ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या आणि पायाशी एक कुत्रा झोपला होता. घर मोठं होतं. आत पाच खोल्यांची दारं ओळीने बंद. आंटींची बोली मला लिहिता येत नाही, ती ऐकायचीच गोष्ट आहे. मी माझ्या बेचव मराठीत सांगतो.

"आंटी, बाकीचे कुठे गेले?" सरांनी विचारलं.

"कोण बाकीचे?"

"फॉर्मवर सात माणसं लिहिलीत तुम्ही."

"सातच आहोत की." त्यांनी शेंगा खाली ठेवून बोटं उघडली. "मी. आमचा म्हातारा. हिलरी, त्याची बायको, दोन पोरं. आणि फ्लॉसी."

"हिलरी कुवेतला आहे ना?"

"बारा वर्षं झाली."

"आणि फ्लॉसी?"

"ती बोरिवलीला दिली. तूच होतास लग्नात, दोनदा पुलाव घेतलास."

सरांनी फॉर्मवरच्या सातावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "आंटी, पण अंकल तर नव्वद साली..."

"मग? मेला म्हणून काय झालं? रोज संध्याकाळी रोजरीच्या वेळी सगळ्यांची नावं घेते मी. सात नावं. त्यात म्हाताऱ्याचं राहिलं तर तो मला झोपू देईल होय रे, आलू? जिवंत होता तेव्हाच देत नव्हता." त्यांनी शेंगा पुन्हा उचलल्या. "तू मास्तर माणूस, तू विचारलंस घरात माणसं किती. मी सांगितली."

सर घामेघूम झाले. आम्ही पुढच्या घरी गेलो. तिथे फॉर्मवर पाच आणि घरात दोन. त्यापुढच्या घरी सहा आणि दोन. सगळीकडे तीच तऱ्हा. संध्याकाळच्या प्रार्थनेत ज्यांची नावं घेतली जात, ती सगळी घरातली माणसं. मस्कतची, टोरांटोची, दहिसरची आणि चर्चमागच्या दफनभूमीतली. हिंदू आळीत बायजाबाईंनी आपला थोरला मुलगा घरात धरला होता. तो विरारला फ्लॅटमध्ये राहत होता. "पण गणपतीत येतो ना!" त्या म्हणाल्या. यात कोणी खोटं बोललं नव्हतं. सांडोरात आपलं माणूस मोजणीतून वगळणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं. आणि हे माहीत असायला हवं होतं अशा एकाच माणसाला, त्याच गावात जन्मून, त्याच प्रार्थनेत ती नावं घेऊन, ते सुचलं नव्हतं.

परत येताना सर बांधावर थांबले आणि माझ्याकडे वळले.

"जयवंतराव, तुमच्या फॉर्मवर चार आहे. तुम्ही, वहिनी, स्वप्ना. चौथं कोण?"

"आई."

"त्या गिरगावात राहतात, तुमच्या भावाकडे."

"हो. पण आई आहे ना, सर."

त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला आणि भर उन्हात, छत्री मानेत धरून, चारावर काट मारून तीन केलं. मला उगाच वाटलं की गिरगावात आईला ठसका लागला असेल.

दुसरा कोणी असता तर त्याने सगळे फॉर्म बावखलात बुडवले असते. सरांनी नवा प्रश्न तयार केला. 'काल रात्री या घरात कोण कोण झोपलं?' आणि सहाशे अकरा घरं पुन्हा सुरू केली, एकट्याने, शाळा सुटल्यावर आणि रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर. लोकांनी त्यांची भरपूर टिंगल केली. कोणाकडे कोण झोपतं ते विचारत फिरणारा मास्तर म्हणून ते अर्नाळ्यापर्यंत प्रसिद्ध झाले. एका घरी त्यांना या प्रश्नावरून चप्पल दाखवण्यात आली. तिथे त्यांनी नोंद केली, 'प्रतिसाद नाही'.

दोन हजार दोन साली सहाशे दहा घरं झाली. टेबल पुन्हा आमचंच. या वेळी बेरजा तपासायची गरज पडली नाही. मुलं जितकी जास्त शिकलेली, तितकं घर रिकामं. पदवीधरांच्या घरांत सरासरी दोन माणसं, दोन्ही साठीपुढची. आणि ज्या शाळेचा निकाल सर्वांत उत्तम, त्या शाळेच्या आसपासची आळी सर्वांत ओस. ती सरांची शाळा होती. तिच्या सभागृहात पहिल्या आलेल्या मुलांची नावं सोनेरी अक्षरांत लिहिलेला फलक आहे. सर एका दुपारी तिथे उभे राहून वहीत टिपून आले. एकवीस नावांपैकी एक वसईत होतं. आणि तोही पाय मोडला म्हणून आला होता.

मार्गदर्शक बाई खूश झाल्या. "मिनेज सर, हा तर कितीतरी चांगला निष्कर्ष आहे! याच्यावर परिषदेत पेपर वाचा."

"बाई, यातली निम्मी मुलं माझ्या वर्गात होती," सर म्हणाले.

"मग तर तुम्हाला अंतर्दृष्टी आहे."

प्रबंध जवळजवळ तयार होता. फक्त फॉर्म नंबर एक राहिला होता. त्र्याण्णव साली सरांनी त्यावर 'चार' लिहिलं होतं. आलोशियस, उर्सुला, केनी, नताशा. बाई म्हणाल्या, संशोधकाचं स्वतःचं घर नमुन्यात नसावंच, वगळा. सर म्हणाले, "का? माझं घर गावात नाही?" नताशा नर्सिंग करून आदल्याच वर्षी आयर्लंडला गेली होती, तिच्याबद्दल ते वाद घालत नसत. पण केनीचं पक्कं होतं. मे महिन्यात येतोय. आला की प्रश्न विचारू, फॉर्म भरू, शेवटचं प्रकरण लिहू.

त्या मेमध्ये केनीच्या सुपरमार्केटचं नवं दुकान उघडलं, रजा मिळाली नाही. पुढच्या मेमध्ये लग्नामुळे रजा संपली होती. लग्न मंगळूरला झालं, मुलीकडे, चार दिवसांत. मग मुलगी झाली. मग व्हिसा. सर शाळेतून निवृत्त झाले. विद्यापीठाकडून मुदतवाढ आणत राहिले, तिसरी, चौथी. अंगणातलं सुकेळीचं मचाण मोडलं ते पुन्हा बांधलं नाही. "दोघांना किती लागतात?" उर्सुलाबाई म्हणाल्या. सरांना वाटायचं, आपण नवा प्रश्न विचारायच्या आधीच उर्सुलाबाईंनी उत्तर देऊन टाकलं.

दोन हजार सहाच्या मेमध्ये केनी खरोखर आला. बारा दिवसांसाठी. सरांनी आधी महिनाभर त्याची खोली रंगवून घेतली होती, नवी मच्छरदाणी आणली होती, नातीसाठी छोटी खाट करून घेतली होती. रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं. केनी आता जाडगेला, गोड बोलणारा साहेब झाला होता. व्हरांड्यात लटकलेल्या घडातलं एक केळं त्याने हातात घेऊन निरखलं आणि हसून म्हणाला, "डॅडी, कर्व्ह बघ. आमच्याकडे हे रिजेक्ट होणार."

उर्सुलाबाईंनी कोंबडी आणि तांदळाच्या भाकऱ्या मांडल्या. सगळे बसले. सर मात्र आत गेले आणि फॉर्म नंबर एक घेऊन आले. तेरा वर्षांत तो पिवळा पडला होता. त्यांनी चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं.

"केनी, एकच प्रश्न. काल रात्री या घरात कोण कोण झोपलं?"

"आत्ता, डॅडी? जेवणावर?"

"हो."

केनीने बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "आम्ही रिसॉर्टवर नाही का, अर्नाळ्याला. बेबीला एसीशिवाय रॅशेस येतात. मम्मीला फोनवर सांगितलं होतं."

"मला सांगितलं होतं," उर्सुलाबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या. "मीच यांना नाही सांगितलं. म्हटलं, खोली रंगवतायत तर रंगवू दे."

म्हणजे गेले चार दिवस केनी संध्याकाळी 'जरा फिरून येतो' म्हणून जात होता आणि सर साडेआठला झोपणारे. मुलं उशिरा येऊन झोपत असतील, असं ते धरून चालले होते. सकाळी नव्या खाटेवरची चादर सुरकुतलेली नसायची. तर सून टापटिपीची आहे, असं त्यांनी मला कौतुकाने सांगितलंही होतं.

मला शांतता सहन होत नाही, हा माझा जुना रोग. मी म्हणालो, "मग आजची एक रात्र इथे झोपा की, केनी. फॉर्मापुरतं!"

"शुअर, अंकल. व्हाय नॉट? डेफिनेटली."

"नको," सर म्हणाले. "फॉर्मापुरतं झोपलं की आकडा खोटा होतो."

त्यांनी 'चार'वर काट मारली, शेजारी 'दोन' लिहिलं, खाली तारीख घालून सही केली आणि कोंबडीचा रस्सा माझ्याकडे सरकवला. "घ्या, जयवंतराव. थंड होतोय."

सहाशे अकरा फॉर्म पूर्ण झाले. प्रबंध आता कधीही देता आला असता. मी दोन-तीनदा विचारलं. प्रत्येक वेळी सर म्हणाले, "शेवटचं प्रकरण राहिलंय." आणि मी पुढे काही बोललो नाही, कारण त्या प्रकरणाचा मथळा मला माहीत होता.

दोन हजार आठच्या मार्चमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. मुदत संपल्यामुळे नोंदणी रद्द. वाडी करायला कोणी नव्हतं, म्हणून डिसेंबरात ती घरासकट विकली. केनी आणि नताशा यांनी सह्यांचे कागद कुरियरने पाठवले. सर आणि उर्सुलाबाई आता गोखिवऱ्याला वन-रूम-किचनमध्ये राहतात. तिसरा मजला. लिफ्ट नाही.